संभाजीनगर ते लंडन : अंतर किती, विमानाला वेळ किती आणि घर सोडायचं कधी

लेक शिकायला लंडनला गेली किंवा मुलगा तिकडे नोकरीला लागला, की वर्षभरात आई-वडिलांच्या जाण्याचा विषय निघतो. घरात पहिला प्रश्न असतो : "किती तासांचं आहे?" कुणीतरी मोबाइलवर बघून सांगतं, दहा तास. सेलू-गेवराईपासून उदगीरपर्यंत सगळीकडे याच दहा तासांवर पुढची तयारी सुरू होते. पण ते दहा तास फक्त मुंबईच्या धावपट्टीपासून लंडनच्या धावपट्टीपर्यंतचे. आपल्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत जवळजवळ सव्वा दिवस लागतो. अंतर आणि वेळ यांचा हिशोब स्वतः मांडता आला, तर तिकीट निवडताना फसगत होत नाही आणि वाटेत जीव टांगणीला लागत नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगर ते लंडन हे एक उदाहरण धरून हा हिशोब सांगतो. हाच हिशोब तुम्हाला टोरांटोला, दुबईला किंवा सिंगापूरलाही लावता येईल.

पहिली पायरी : सरळ अंतर काढा

गाडीरस्त्याचं अंतर आणि विमानाचं अंतर यांचा फारसा संबंध नसतो. विमानासाठी दोन शहरांमधलं पृथ्वीच्या गोल पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर बघायचं. घरात पृथ्वीचा गोल असेल, तर संभाजीनगरवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर ठेवा आणि दोरा ताणून घ्या. दोरा जिथून जाईल तो जवळचा रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे जमत नाही, कारण त्या नकाशात उत्तरेकडचे देश ताणून मोठे झालेले असतात.

मोबाइलवर गूगल मॅप्समध्ये आपल्या गावावर बोट दाबून ठेवलं की खूण उमटते. तिथे अंतर मोजण्याचा पर्याय आहे. दुसरं टोक लंडनवर नेलं की किलोमीटर समोर दिसतात. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे अंतर साधारण ७,३२० किलोमीटर भरतं. नांदेडहून साधारण ७,५१० आणि मुंबईहून ७,२१०.

एक गोष्ट मुद्दाम करून बघा. मुंबईहून न्यूयॉर्कचा दोरा ताणा. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, तेव्हा दोरा अरबी समुद्र आणि आफ्रिकेवरून जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो उत्तर-वायव्येकडे चढतो, रशियाच्या पश्चिम भागातून पार ६५ अंश अक्षांशाच्या जवळ पोहोचतो आणि मग खाली उतरतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. सीटसमोरच्या पडद्यावर विमान भलतीकडेच चाललेलं दिसलं, तर घाबरायचं कारण नाही, हे त्या दोऱ्यावरून नीट कळतं.

दुसरी पायरी : किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं उंचीवर पोहोचल्यावर ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. ढोबळ हिशोबासाठी अंतराला ८५० ने भागा आणि त्यात पाऊण तास मिळवा. हा पाऊण तास धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा, वर चढण्याचा आणि उतरण्याचा.

मुंबई ते लंडन ७,२१० भागिले ८५० म्हणजे साडेआठ तास, अधिक पाऊण तास, म्हणजे सव्वानऊ. तिकिटावर मात्र साडेनऊ ते साडेदहा तास दिसतात. ही वाढ कशाने होते, ते पुढे येतंच.

लहान अंतरावर हा पाऊण तासच भारी पडतो. संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर अवघं २८० किलोमीटर. भागाकार केला तर वीस मिनिटं येतात, पण तिकिटावर तासाभराचा वेळ असतो. कंपनी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ धरते आणि गर्दीच्या विमानतळावर वाट बघावी लागेल म्हणून थोडा जास्तीचाही धरते.

वारा आणि बंद आकाश

जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का, हा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. उत्तर वाऱ्यात आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. युरोपला किंवा अमेरिकेला जाताना विमान या वाऱ्याच्या विरुद्ध जातं, येताना तोच वारा मागून ढकलतो. त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना नऊ तासांच्या आसपास लागतात, जातानापेक्षा तास-दीड तास कमी. न्यूयॉर्कच्या बाबतीतही असंच : जाताना पंधरा-सोळा तास, येताना तासाहून अधिक बचत.

दुसरं कारण आकाशाच्या हद्दींचं. मुंबई-लंडन दोरा कुठून जातो ते नीट बघा. तो जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो, मग बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनच्या दक्षिण टोकाजवळून मध्य युरोपात शिरतो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, आणि आपल्या कंपन्यांची पश्चिमेकडची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना याचा फटका जास्त बसला, कारण त्यांचा सरळ रस्ताच पाकिस्तानावरून जातो. पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरचे मार्गही बदलतात. म्हणून जुन्या लेखात वाचलेला किंवा शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी सांगितलेला वेळ धरू नका. ज्या तारखेला जायचं, त्या तारखेचं वेळापत्रक बघा.

कुठून उडायचं?

मराठवाड्यातून लंडनला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावं लागणारच, तेव्हा कुठे बदलायचं हा निर्णय महत्त्वाचा आणि तो किलोमीटरवर ठरत नाही. हे आकडे बघा. संभाजीनगरहून मुंबईमार्गे लंडन साधारण ७,४९० किलोमीटर, दिल्लीमार्गे ७,७१०, हैदराबादमार्गे ८,१८०. मुंबई आणि दिल्ली यांच्यात फरक फक्त सव्वादोनशे किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या पंधरा-सोळा मिनिटांचा. मुंबईहून दुबईमार्गे गेलात तरी अंतर सव्वादोनशेच किलोमीटरने वाढतं. पण दुबईत विमान बदलायला तीन तास थांबलात की एकूण वेळ चार-पाच तासांनी वाढतो. विमान हवेत असताना वेळ फारसा जात नाही. तो जातो बदलण्यात.

म्हणून माझं स्पष्ट मत : साठीच्या पुढचे आई-वडील पहिल्यांदा आणि एकटे जात असतील, तर चार पैसे जास्त गेले तरी शेवटचा मोठा टप्पा नॉन-स्टॉप घ्या. मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद या तिन्ही ठिकाणांहून लंडनला नॉन-स्टॉप विमानं मिळतात. तिकीट बघताना फक्त 'डायरेक्ट' या शब्दावर जाऊ नका. डायरेक्ट विमान वाटेत एखाद्या ठिकाणी थांबूही शकतं, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. परक्या देशात विमान बदलणार असाल, तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच कंपनीला विचारा.

आता मराठवाड्यातल्या मराठवाड्यातही फरक आहे. संभाजीनगर आणि जालनेकरांना मुंबई सोयीची. दिल्लीचं विमान चिकलठाण्याहून मिळतं, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं लक्षात ठेवा. त्या दिवसांत दिल्लीत दोन-अडीच तासांचा बदल घेणं धोक्याचं. नांदेडकरांना हैदराबाद जवळ : रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तर मुंबई पाचशेच्याही पुढे. लातूर-उदगीरकडूनही हैदराबादच जवळ पडतं. फक्त शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिण अंगाला आहे आणि आपण उत्तरेकडून किंवा पश्चिमेकडून येतो, हे धरून तास-दीड तास जास्तीचा ठेवा. धाराशिवकरांना पुणे जवळ, पण पुण्याहून परदेशी उड्डाणं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांना पुढे मुंबई गाठावीच लागते. नांदेडच्या विमानतळाला तर उलट्या दिशेच्या प्रवाशांचीही सवय आहे. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला इंग्लंड-कॅनडातली शीख मंडळी येतात, त्यांनाही हाच हिशोब उलटा मांडावा लागतो.

तिकीट शोधताना चिकलठाण्याचा कोड आयएक्सयू लक्षात ठेवा. काही संकेतस्थळांवर शहराचं जुनं नाव असतं, काहींवर नवं. कोड टाकला की घोळ होत नाही. मुंबईबाबतही सावध राहा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. संभाजीनगरचं विमान एका विमानतळावर उतरतं आणि लंडनचं दुसऱ्यावरून सुटतं असं तिकीट हातात पडलं, तर मधे मुंबईची सगळी गर्दी पार करावी लागेल. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळावरही दोन टर्मिनल आहेत. परदेशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, देशातली काही टर्मिनल १ वर येतात, आणि एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. लंडनलाही हीथ्रोखेरीज गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे विमानतळ आहेत. न्यायला येणारा हीथ्रोवर आणि तुम्ही गॅटविकला, असं होऊ नये म्हणून तिकिटावरचं पूर्ण नाव वाचून दाखवा.

एक तिकीट की दोन?

संभाजीनगर ते लंडन असं एकाच पीएनआरवर तिकीट असेल, तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामान बहुतेक वेळा चिकलठाण्यातच थेट लंडनपर्यंत लावून मिळतं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर पहिलं विमान चुकल्यावर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. लंडनचं तिकीट बुडतं. एका पीएनआरवर मुंबईत तीन-चार तासांचा बदल पुरतो. वेगळ्या तिकिटांवर सहा तासांपेक्षा कमी ठेवू नका. पावसाळा असेल तर सरळ आदल्या दिवशी मुंबई गाठा.

घड्याळाचा घोळ

लंडनला जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर लिहिलेलं असतं : मुंबईहून निघणार दुपारी १ वाजता, लंडनला पोहोचणार संध्याकाळी ५ वाजून ४५ मिनिटांनी. वजाबाकी केली की पावणेपाच तास येतात. विमान इतकं वेगाने जात नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते.

भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. हिवाळ्यात लंडन ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, म्हणून फरक साडेपाच तासांचा. उन्हाळ्यात ते लोक घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं.

खरा वेळ काढायची रीत अशी : पोहोचण्याची वेळ आधी भारतीय घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. हिवाळ्यात लंडनचे संध्याकाळचे पावणेसहा म्हणजे आपले रात्रीचे सव्वाअकरा. दुपारी एकपासून सव्वाअकरापर्यंत सव्वादहा तास. हा खरा वेळ. येताना उलटं होतं. लंडनहून रात्री ९ ला निघालेलं विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरतं. घड्याळावर साडेचौदा तास दिसतात, पण लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे अडीच, तेव्हा खरा प्रवास नऊ तासांचा.

इथेच तारखेची मोठी चूक होते. परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, पहाटे २ वाजता असं असेल, तर तुम्ही घर १४ तारखेला सकाळी सोडायचं आणि विमानतळावर १४ लाच रात्री ११ च्या आत पोहोचायचं. कॅलेंडरवर १५ वर खूण करू नका, १४ वर करा.

उलटी मोजणी : घर कधी सोडायचं

आता विमानाच्या वेळेवरून मागे यायचं. वरचंच दुपारी एकचं विमान धरू. परदेशी विमानासाठी तीन तास आधी टर्मिनलवर असायला हवं, म्हणजे सकाळी दहा. सामान घेणारा काउंटर सुमारे तासभर आधी बंद होतो, पण त्याच्याआधी रांगा असतात आणि नंतर इमिग्रेशन आणि तपासणी.

दहाला टर्मिनल २ वर पोहोचायचं, तर सकाळच्या गर्दीत ठाण्याहून किंवा दादरहून दीड-दोन तास राखून ठेवा, म्हणजे स्टेशनवर आठच्या आत उतरायला हवं. संभाजीनगरहून मुंबई रेल्वेने साधारण पावणेचारशे किलोमीटर, सात तासांच्या आसपास. रात्रीची देवगिरी किंवा नंदिग्राम धरली, तर सकाळी पोहोचता येतं. ज्या गाडीची ठरलेली वेळ तुमच्या गरजेच्या किमान दोन तास आधीची असेल, तीच घ्या. पावसाळ्यात कसारा घाटात दरड कोसळली किंवा रुळांवर पाणी आलं की मनमाडकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या अडकतात, तेव्हा या दोन तासांचाही भरवसा नाही.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. गाडीने जाणाऱ्यांना याचा मोठा फायदा आहे, पण आमण्यापासून पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक तुमच्या हातात नाही. विमानतळापर्यंत सहा-सात तास धराच. शिवाय सरळ रस्त्यावर रात्री डुलकी लागते, तेव्हा चालवणारे दोघे असू द्या.

म्हणजे घर आदल्या रात्री नऊच्या सुमारास सुटलं. लंडनला संध्याकाळी पावणेसहाला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि बाहेर पडणं यात दीड तास. हीथ्रोहून शहरात एलिझाबेथ लाइनने अर्धा तास आणि तिथून घरापर्यंत आणखी अर्धा, म्हणजे लेकीच्या घरी सव्वाआठ. भारतात तेव्हा रात्रीचे पावणेदोन. एकूण प्रवास पावणेएकोणतीस तास, त्यातले हवेतले सव्वादहा. हे तास आई-वडिलांना आधीच सांगा. कशासाठी बसून आहोत हे माहीत असलं की माणूस कमी थकतो.

एक वही घ्या आणि तिच्यात तीन रकाने आखा : टप्पा, भारतीय वेळ, लंडनची वेळ. सगळे टप्पे त्यात लिहा आणि एक प्रत आई-वडिलांच्या खिशात ठेवा. मोबाइल बंद पडला तरी कागद चालतो. गाडी, टर्मिनल, उतरण्याचा विमानतळ, न्यायला येणाऱ्याचा नंबर हे सगळं मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहा. पायाचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवा. मोठ्या विमानतळांवर चालणं बरंच असतं, आणि मदतनीस सोबत असला की इमिग्रेशनलाही धीर येतो.

गोळ्या कोणत्या घड्याळाने?

बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना वरची वही दाखवा. पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, त्यामुळे दोन डोसांमधलं अंतर वाढतं. येताना दिवस आखूड होतो. इन्शुलिन घेणाऱ्यांना हे विशेष महत्त्वाचं. कोणता डोस कधी, हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या. औषधं आणि इन्शुलिन हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्शुलिन गोठू शकतं. विमानात हवा कोरडी असते, पाणी थोडं-थोडं पीत राहा, आणि दर तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मारा. पोहोचल्यावर झोपेची घडी बसायला चार-पाच दिवस जातात. पहाटे तीनला जाग आली तर काळजी करू नका, त्या वेळी आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात आणि शरीर अजून तेच घड्याळ धरून असतं.

परतीचा हिशोब

परतीचं विमानाचं तिकीट चार-सहा महिने आधी काढलेलं असतं, पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच खुलं होतं. म्हणून परतीच्या तारखेच्या ६० दिवस आधीची खूण घरी राहणाऱ्याने आजच कॅलेंडरवर करावी आणि त्या दिवशी मुंबई-संभाजीनगरचं तिकीट काढावं. विमान सकाळी साडेअकराला उतरणार असेल, तर दुपारची गाडी धरू नका, रात्रीचीच धरा. आणि मुंबईहून पुढे विमानाने जाणार असाल, तर एकाच पीएनआरवर असलात तरी सामान मुंबईतच उचलावं लागतं, कस्टममधून बाहेर आणावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. या फेरीसाठी किमान चार तास ठेवा.